कालवांसाठी रांग

बुधवार आम्ही कॅलेंडर बघून ठरवला. सोमवार, गुरुवार, शनिवार हे आईचे न खाण्याचे वार. मंगळवारी अंगारकी होती. रविवारी दुकान बंद. शुक्रवारी माझी ऑफिसातून सुटका नव्हती. राहिला बुधवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्वान ऑयस्टर डेपोत, म्हणजे ऑयस्टर खाऊ घालणाऱ्या त्या छोट्या दुकानात, जायचं तर शनिवार टाळा, मधल्या वारी जा आणि होईल तितक्या सकाळी जा, असं मला इथल्या दोघातिघांनी बजावलं होतं. आईचा नेम आणि रांगेचं गणित असं जुळून आलं.

ऑयस्टर म्हणजे आपली कालवं. माझं माहेर देवगड तालुक्यात, खाडीकाठी. आमच्याकडे कालवं पाहुण्यांना वाढत नसत. पाहुणा आला की सुरमई, नाहीतर निदान बांगडा. बाजारात जायला पैसे नसतील त्या दिवसाची सोय म्हणजे कालवं. खडपावर, म्हणजे काठच्या खडकांवर, जायचं, हाताला लागतील तेवढी काढायची, दुपारच्या भाताला सुकं व्हायचं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला येऊन मला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत पोल्क स्ट्रीटवरच्या त्या अरुंद दुकानासमोरून मी चार-पाच वेळा तरी गेले असेन. दर वेळी बाहेर रांग आणि दर वेळी मी पुढे निघून गेले. कालवं खायची ती आईच्या हातची, त्यासाठी रस्त्यावर तासभर काय उभं राहायचं, असं वाटायचं. मग एकदा त्या रांगेचा फोटो आईला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "ही सगळी माणसां कालवांसाठी उभी हत?" तिला खरंच वाटत नव्हतं आणि बरंही वाटत होतं. या जानेवारीत ती इथे आली तेव्हा मी विचारलं, कुठे कुठे जायचं? गोल्डन गेट ब्रिजचं नाव तिने दुसरं घेतलं.

फ्रीमाँटहून बार्ट या लोकल गाडीने एम्बार्काडेरो आणि तिथून कॅलिफोर्निया स्ट्रीटची केबल कार. ही गाडी नॉब हिलचा चढ चढून पलीकडे उतरते आणि पोल्क स्ट्रीटच्या नाक्यावर आपल्याला सोडते. तिथून दुकान चार पावलांवर. आईचे गुडघे दुखतात म्हणून मी घडीचं छोटं स्टूल बरोबर घेतलं होतं. दहाच्या सुमारास पोचलो तर आमच्या पुढे वीसेक माणसं होती. वीस माणसं म्हणजे फार नाहीत, असं वाटेल. पण आत बसायची जागा फक्त १८. एकच लांब संगमरवरी काउंटर, त्याच्यासमोर ओळीने १८ स्टुलं आणि स्टुलांच्या पाठीमागे जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा. टेबल नाही, आरक्षण नाही. एक उठला की एक आत.

आमच्या पुढे याच भागात राहणाऱ्या एक आजी होत्या, ऐंशीच्या घरातल्या. हातात कापडी पिशवी, डोक्याला लोकरीची टोपी. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी लगेच सांगून टाकल्या. इथे कार्ड चालत नाही, रोख लागते, तेव्हा जवळ नसेल तर आत्ताच काढून आण. आणि आपली सगळी मंडळी हजर असल्याशिवाय बसवत नाहीत, तेव्हा आधी एकाने रांग धरायची आणि मग चौघांनी यायचं, असं इथे होत नाही. मी नाक्यावर जाऊन पैसे काढून आले. येऊन बघते तर आई आणि त्या आजी एकमेकींशी बोलत होत्या. आईला इंग्रजी येत नाही, आजींना मराठी येण्याचा प्रश्नच नाही. आई डाव्या हाताचा अंगठा पुढे करून त्यावरचा जुना व्रण दाखवत होती आणि आजी मान हलवत होत्या.

त्या व्रणाची गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. कालवाची कड पात्यासारखी असते. खडपावर चालताना पाय सरकला तर तळवा चिरतो, हात टेकला तर हात. आमच्याकडे त्याला "कालव लागलं" असं म्हणतात. जखम साधी दिसली तरी चिघळते, हळद लावून दिवसचे दिवस काढावे लागतात. आई बारा-तेरा वर्षांची असताना तिला असं कालव लागलं आणि अंगठ्याच्या मुळाशी चंद्रकोरीसारखी खूण राहिली.

रांग सरकत होती तशी काच जवळ आली. दुकानाची दर्शनी काच म्हणजे मासळीबाजारच. चुऱ्याच्या बर्फावर अख्खे मासे, कोळंबी आणि उकडून केशरी झालेल्या डंजनेस जातीच्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे. इथे लोक नुसते मासे विकत घेऊन घरीही जातात. आईने काचेला कपाळ लावून प्रत्येक माशाचे डोळे आणि कल्ले तपासले. पास झाले सगळे. कुर्ल्यांपाशी मात्र ती थांबली. उकडलेली कुर्ली विकत घ्यायची ही कल्पना तिला पटली नाही. कुर्ली जिवंत, नांगे हलवणारी घ्यायची. मग तिने विचारलं, "ह्यात मादी एकव नाय?" तिच्या नजरेला दाद दिली पाहिजे. कॅलिफोर्नियात मच्छीमारांना डंजनेसची मादी धरता येत नाही. फक्त नर, तेही ठरलेल्या मापापेक्षा मोठे. माद्या परत पाण्यात. आमच्याकडे भरलेली मादी मिळाली की घरात सण. आई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की आमच्या खाडीतही असं केलं असतं तर आज कुर्ल्यांना एवढा भाव आला नसता. त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

रांगेत उभी असताना मी तिला दुकानाची माहिती सांगितली. हे दुकान १९१२ सालचं. त्याच्या सहा वर्षं आधी, १९०६ मध्ये, भूकंप झाला आणि त्यामागून लागलेल्या आगीत शहराचा हा भाग जळून गेला. पोल्क स्ट्रीटच्या पुढच्याच व्हॅन नेस रस्त्यावर घरं सुरुंगाने पाडून ती आग अडवली होती. दुकान काढलं डेन्मार्कहून आलेल्या भावांनी. १९४६ मध्ये ते सॅन्सिमिनो कुटुंबाने घेतलं, मूळच्या इटलीतल्या सिसिलीच्या लोकांनी. तेव्हापासून काउंटरच्या मागे त्यांच्याच घरची माणसं उभी राहत आली आहेत, आधी वडील, मग मुलगे, मग नातवंडं. दुकानाला खाद्यक्षेत्रातला जेम्स बियर्ड पुरस्कारही मिळालेला आहे, पण आईला त्यात रस नव्हता. तिला एवढंच हवं होतं की ही माणसं स्वतः मासे कापतात की नोकर ठेवतात. स्वतः कापतात म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

या शहराचं आणि कालवांचं नातं त्याहून फार जुनं आहे. या उपसागराच्या काठाने इथल्या मूळ रहिवासी ओलोनी लोकांनी हजारो वर्षं शिंपल्या आणि कालवं खाऊन टाकलेल्या कवचांचे ढीग होते. पलीकडच्या एमरीव्हिलचा ढीग तर टेकडीएवढा होता. त्याच्यावर आता बाजारपेठ उभी आहे आणि तिथल्या रस्त्याचं नावच शेलमाउंड आहे. मग १८४९ मध्ये सोन्यासाठी जगभरातून माणसं आली. हातात अचानक पैसा आलेल्यांनी कालवं मागितली आणि इथली मूळची, बारीक, ऑलिम्पिया जातीची कालवं बघता बघता कमी झाली. डोंगर पाण्याच्या झोताने फोडून सोनं काढायचे, तो सगळा गाळ नद्यांतून उपसागरात येऊन बसला. पुढे १८६९ मध्ये रेल्वे देशाच्या या टोकापर्यंत आली आणि पूर्व किनाऱ्यावरची कालवं पिंपांतून इथे येऊ लागली, इथल्या पाण्यात सोडून वाढवली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी इतकं खराब झालं की तेही संपलं. म्हणजे ज्या पाण्याच्या काठावर हे शहर आहे त्या पाण्यातलं कालव आज इथे कोणी खात नाही. येतात ती उत्तरेकडच्या टोमालेस बे किंवा हम्बोल्ट बे इथून, वॉशिंग्टन राज्यातून, किंवा थेट न्यूयॉर्ककडून. हे सगळं मी जमेल तसं आईला सांगितलं. तिने मध्येच आमच्या खाडीत रेती उपसायला लागले तेव्हाची आठवण काढली. त्या वर्षी खालच्या खडपावर गाळ बसला आणि तिथली कालवं गेली ती गेलीच.

सव्वा तासाने आमचा नंबर लागला. शेजारशेजारच्या दोन जागा मिळेपर्यंत आमच्या मागचा एक एकटा माणूस आमच्या आधी आत गेला, ते रीतसरच. स्टूल उंच होतं. आईला मी आणि आत उभ्या एका मुलाने हात दिला. बसल्या बसल्या समोर पावाच्या स्लाइस आणि लोणी आलं. आंबट पिठाचा पाव, सावरडो, या शहराची ओळख. भिंतीवर जुने फोटो, फळीवर हाताने लिहिलेली नावं. इथे स्वयंपाकघर असं नाही. गरम पदार्थ एकच, क्लॅम चाउडर. म्हणजे तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांचं दुधातलं घट्ट सूप. बाकी सगळं बर्फावरून थेट बशीत.

आणि आमच्या अगदी समोर, हातभर अंतरावर, कालवं उघडण्याची जागा.

मी खायचं बाजूला ठेवून तेच बघत राहिले. काउंटरमागच्या गृहस्थांनी डाव्या हातात जाड फडकं घेतलं, त्यावर कालव ठेवलं, खोलगट बाजू खाली, सपाट बाजू वर, टोकाचा सांधा स्वतःकडे. उजव्या हातात आखूड, बोथट कडेची, जाड पात्याची सुरी. सुरीचं टोक सांध्यात टेकवलं. जोर असा केलाच नाही. टोक जागेवर बसेपर्यंत थोडं हलवलं, मग मनगट वळवलं, कुलपात किल्ली फिरवावी तसं. बारीकसा "टक्" आवाज आला. सुरी फडक्याला पुसली, म्हणजे सांध्यातला चिखल आत जायला नको. मग पातं वरच्या कवचाला घासून आत सरकवलं. तिथे एक पांढरा स्नायू असतो, कालव ज्याच्या जोरावर मिटून राहतं तो. तो कापला की वरचं झाकण सुटतं. झाकण बाजूला. पातं खालून फिरवून गर सोडवला आणि आतल्या पाण्याचा थेंबही न सांडता कवच बर्फावर टेकवलं. हे सगळं लिहायला मला एवढा वेळ लागला. त्यांना एका कालवाला पाच-सहा सेकंद लागत असतील.

"तेचो हात बघ गो," आई म्हणाली. "एक थेंब सांडूक देणा नाय."

आमच्याकडची पद्धत वेगळी. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी खूप आत ओसरतं आणि एरवी न दिसणारं खडप उघडं पडतं. ती ओहोटी पहाटेची किंवा संध्याकाळची. आई आणि तिच्या बहिणी पहाटे काळोखातच निघायच्या. कालवं खडपाला सिमेंटने लावल्यासारखी घट्ट, एकमेकांवर चढलेली, वेडीवाकडी. ती खडपावरच फोडायची. टोकदार लोखंडाने वरच्या झाकणाच्या कडेला नेमका ठोका द्यायचा, झाकण उडवायचं आणि आतला गर टोकाने उचलून पाण्यासकट भांड्यात टाकायचा. ठोका जोरात बसला तर कवचाचा चुरा गरात जातो आणि मग जेवताना दाताखाली कचकच. हळू बसला तर झाकण निघत नाही. भरती परत फिरायच्या आत भांडं भरायचं, वाकून वाकून कंबर मोडेपर्यंत. इथे प्रत्येक कालव सुटं, मापात, टोपल्यांतून किंवा जाळीच्या पिशव्यांतून वाढवलेलं. आईने एक रिकामं कवच मागून घेतलं, बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "ही खडपार वाढलेली नाय." बरोबर होतं.

मग तिने मला कामाला लावलं. "खंयच्या खाडीतली, विचार तेका." मी विचारलं. त्या गृहस्थांनी नुसतं सांगितलं नाही, पोत्याला बांधलेलं लेबल आणून दाखवलं. कुठल्या पाण्यातून, कुठल्या तारखेला, कोणी काढली, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. कालवांचं पोतं संपेपर्यंत हे लेबल त्याच्यावर राहायला हवं आणि त्यानंतरही ९० दिवस जपून ठेवायला हवं, असा इथला नियम आहे. कोणी आजारी पडलं तर कुठल्या खाडीतून काय आलं याचा माग काढता यावा म्हणून. मोठं कालव दिवसाला दीडशे-दोनशे लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात येतं, चांगलंही आणि वाईटही.

याच कारणाने आई कच्ची कालवं खाणार नाही हे मी घरूनच ठरवून निघाले होते आणि तिलाही सांगितलं होतं. तिला साखर आहे. मधुमेह, यकृताचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी कच्ची कालवं खाऊ नयेत असं डॉक्टर स्पष्ट सांगतात. त्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असू शकतात आणि अशा माणसाला ते जिवावर बेतू शकतं. गरम पाण्यात ते जास्त वाढतात. म्हणून तर मेक्सिकोच्या आखातातली कच्ची कालवं जंतू मारण्याची प्रक्रिया केल्याशिवाय उन्हाळ्यात विकायला कॅलिफोर्नियात २००३ पासून बंदी आहे. ज्या इंग्रजी महिन्याच्या नावात "आर" हे अक्षर आहे त्याच महिन्यात कालवं खावीत, ही जुनी समजूतही उन्हाळ्याशीच जोडलेली. आई म्हणते, पावसात खाडीला गोडं पाणी आलं की आमच्याकडेही कालवं पाणचट होतात, तेव्हा कोणी काढत नाही. कच्ची खायची नाहीत याचं तिला मुळीच वाईट वाटलं नाही. जिवंत कालव तोंडात टाकायचं हे तिला जन्मात सुचलं नसतं.

मला मात्र खायची होती. मी अर्धा डझन सांगितली, तीन प्रकारची दोन-दोन. कुमामोतो, मियागी आणि ब्लू पॉइंट. पहिल्या दोघांची नावं जपानची, कारण मूळ बी तिकडून आलं. मियागी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, कुमामोतो दुसऱ्या महायुद्धानंतर. इथली मूळची ऑलिम्पिया संपत आली तेव्हा पश्चिम किनाऱ्याचा हा धंदा जपानी बियाण्यानेच उभा राहिला. ब्लू पॉइंट हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचं नाव.

बशी आली. बर्फ, लिंबाच्या फोडी, तिखट सॉस, व्हिनेगरमध्ये बारीक कांदा घातलेलं एक पातळसं तोंडीलावणं. आजी आमच्याच ओळीत दोन जागा सोडून बसल्या होत्या. त्यांनी खुणेनं सांगितलं, पहिलं काही न घालता. मी कुमामोतो उचललं. छोटं, वाटीसारखं खोल, गर कडेला काळसर आणि मध्ये सायीच्या रंगाचा. खरं सांगते, हात थांबला. ज्या कालवांच्या वासावर मी वाढले ती कायम शिजलेली, खोबऱ्यात घोळलेली. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, मी पहिल्यांदा मोठा काटा असलेला मासा स्वतःच्या हाताने खाल्ला तेव्हा बघत होती तशी.

आधी पाणी तोंडात आलं, थंड आणि खारं. मग गर. गिळून टाकू नकोस, चाव, असं मला मैत्रिणीने सांगितलं होतं. चावल्यावर खारटपणा मागे सरला आणि गोडवा आला, कोवळ्या काकडीचा असतो तसा, नाहीतर शहाळ्यातल्या पातळ मलईचा. माशाचा वास शून्य. दुसरं मियागी, मोठं आणि तुपकट, चव जास्त वेळ रेंगाळणारी. तिसरं ब्लू पॉइंट आणि ते तोंडात गेल्या क्षणी मी आमच्या जेटीवर होते. लहानपणी जेटीवरून उडी मारली की नाकातोंडात जायचं ते पाणी, अगदी तेच, तसंच खारट आणि थोडं लोखंडासारखं. माझे डोळे भरून आले. आईने विचारलं, "कशी लागली गो?" मी म्हटलं, आपल्या जेटीखालचं पाणी. तिने मान डोलावली, जणू दुसरं काही उत्तर असूच शकत नव्हतं. उरलेल्या तिघांवर मी लिंबू पिळलं. छान लागली, पण मला बिनलिंबाचीच जास्त आवडली.

आईसाठी चाउडर मागवलं आणि एक अख्खी कुर्ली, फोडून. चाउडर तिला सपक वाटलं. दोन चमचे घेऊन तिने वाटी माझ्याकडे सरकवली. कुर्लीवर मात्र तिने आडवा हात मारला. नांग्यातलं लांबट, गोड मांस तिने असं सफाईने काढलं की शेजारचा तरुण स्वतःचं खाणं थांबवून बघायला लागला. मग त्या गृहस्थांनी स्वतःहूनच कुर्लीच्या पाठीचं कवच वाटीसारखं उलटं करून तिच्यासमोर ठेवलं. आत पिवळसर मऊ गर. पाव त्यात बुडवून खायचा. हे कुठल्या फळीवर लिहिलेलं नव्हतं. आईने पावाचा तुकडा बुडवला, खाल्ला आणि त्यांच्याकडे बघून हात जोडले. त्यांनीही सुरी खाली ठेवली आणि हात जोडले. माझ्या मते या दुकानात शंभर वर्षांवर लोक का येत राहिले, त्याचं उत्तर या एवढ्याशा अंतरात आहे. खाणारा आणि कापणारा यांच्यामध्ये फक्त एक संगमरवरी पाट असतो. कोणाला काय कळतं ते कापणाऱ्याला दिसतं.

बिल झालं ते सांगत नाही, आईलाही सांगितलं नाही. पण एका कालवाच्या पैशात आमच्या बाजारात कालवांचा अख्खा वाटा येतो आणि तो वाटा विकायला बसलेली बाई तीन तास खडपावर वाकलेली असते, हे माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना. अलीकडे सिंधुदुर्गात वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या मदतीने बचत गटांच्या बायका खाडीत दोऱ्यांवर कालवं आणि शिणाणे नावाच्या शिंपल्या वाढवायला लागल्या आहेत. त्यांच्यातल्या दोघीतिघींना तरी कोणी या काउंटरसमोर आणून बसवावं, असं मनापासून वाटतं. त्यांनी त्या गृहस्थांचा हात बघावा आणि त्यांनी यांचा.

उठताना आईने माझा हात दाबला. "बारा घे. न फोडलेली." मी बारा मियागी घेतली. तिने प्रत्येक हातात घेऊन बघितली, दोन एकमेकांवर आपटून आवाज ऐकला. भरीव आवाज आला की जिवंत, पोकळ आला की टाकून द्यायचं. जे कालव उघडं आहे आणि टिचकी मारल्यावर मिटत नाही ते मेलेलं. काउंटरमागचे गृहस्थही नेमकं हेच करत होते. त्या बारांतलं एकही परत करावं लागलं नाही. बर्फात घालून पिशवी बांधून दिली.

घरी पोचेपर्यंत चार वाजले. माझ्याकडे कालवाची सुरी नव्हती. आईने हत्यारांच्या डब्यातून आखूड, चपट्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर काढला, गरम पाण्याने धुतला, हाताला जाड टॉवेल गुंडाळला आणि पहिलं कालव टॉवेलवर ठेवलं. मला वाटलं ती कडेवर ठोका देईल. तिने सांधा स्वतःकडे वळवला. दोनदा टोक घसरलं. तिसऱ्यांदा बसलं. मनगट फिरलं आणि "टक्". तिने वर बघितलंसुद्धा नाही. टोक टॉवेलला पुसलं आणि पुढे गेली. बाराच्या बारा तिने उघडली. शेवटची चार तर चांगली भरभर. पाणी एका वाटीत गाळून बाजूला ठेवलं, कालवांचं पाणी टाकायचं नाही हा तिचाही नियम आहे.

मग कांदा परतला, भाजक्या खोबऱ्याचं वाटप, घरून आणलेला मालवणी मसाला, दोन आमसुलं. गर सगळ्यात शेवटी आणि गाळलेलं पाणी त्याच्याबरोबर. मीठ चाखून मगच, कारण त्या पाण्यातच मीठ असतं. नीट उकळी फुटू दिली, मांस आक्रसून कडा कुरळ्या झाल्या तशी आच बंद केली. बारा कालवांचं एवढंसं झालं, एक वाटी. मी म्हटलं, सुकं मस्त झालंय. ती म्हणाली, "बारा कालवां. ह्येका सुक्यां कसला म्हणतस? चटणी म्हण." पण भात तिने दोनदा घेतला. आम्ही दोघींनी मोजून सहा-सहा खाल्ली.

कवचं तिने ब्रशने घासून धुतली आणि बाल्कनीत वाळत घातली. तुळशीपासून लांब, पलीकडच्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी ती वरवंट्याने कुटून कढीपत्त्याच्या कुंडीत घातली. पूर्वी गावात कालवांची आणि शिंपल्यांची कवचं भाजूनच चुना करत, झाडाला त्याने जोर येतो, असं ती म्हणाली. अकराच कुटली. एक मोठं, आतून जांभळट झाक असलेलं, तिने रुमालात बांधून बॅगेत ठेवलं, मावशीला दाखवायला.